पांढरा कोळसा : मुळशीच्या निमित्ताने काही विचार

ऊर्जेचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आधी वाफ आली, मग तेल आले, मग वीज आली, असा तो सरळ रेषेत पुढे जातो. परंतु प्रत्येक नव्या इंधनाबरोबर भाषेत काही शब्दही येतात, आणि त्या शब्दांत त्या काळाच्या अपेक्षा व सोयीस्कर विस्मरणे दोन्ही साठून राहतात. ‘पांढरा कोळसा’ हा असाच एक शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आल्प्सच्या पाण्यावर वीज निर्माण होऊ लागली, तेव्हा आरिस्तीद बेर्जेस या अभियंत्याने हे रूपक प्रचलित केले. पुढे ते आपल्याकडेही जलविद्युतेसाठी रूढ झाले. धूर नाही, राख नाही, खाणीत उतरणे नाही. म्हणून हा कोळसा पांढरा. या शुभ्रतेची किंमत महाराष्ट्रात कोणी दिली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पार्श्वभूमी मुंबईची आहे. १८५० च्या दशकात तेथे कापडगिरण्या सुरू झाल्या आणि शतकाच्या अखेरीस शहराचे आकाश त्यांच्या धुराड्यांनी भरून गेले. मुंबईच्या आसपास मात्र कोळशाची खाण नाही. आधी विलायतेहून आणि पुढे बंगालकडून येणारा हा कोळसा वाहतुकीच्या खर्चाने महाग पडे. त्याला पर्याय म्हणून जमशेटजी टाटांनी सह्याद्रीच्या पावसाकडे पाहिले. १९०४ साली त्यांचे निधन झाले. परंतु १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. योजनेची कल्पना विलक्षण होती. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस स्वभावतः पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात वाहत जातो. तो धरणात अडवून पश्चिमेला वळवायचा आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचा. नद्यांची दिशा बदलून त्यातून गिरण्यांचे माग चालवायचे! या उद्योगात मुख्यतः देशी भांडवल होते. स्वदेशीच्या त्या काळात त्याविषयी अभिमान वाटणे स्वाभाविकच होते.

लोणावळ्याच्या परिसरातील तलावांनंतर आंध्रा खोरे आणि त्यानंतर मुळशी अशी योजना विस्तारत गेली. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले. हे खोरे आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेले होते. पन्नासच्या आसपास गावे आणि दहा हजारांहून अधिक माणसे या योजनेच्या छायेत आली. जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूमिसंपादन कायदा हाताशी होता. ‘सार्वजनिक प्रयोजन’ हा त्यातील परवलीचा शब्द. एका खाजगी कंपनीचा नफा सार्वजनिक प्रयोजन कसा ठरतो, हा प्रश्न मावळच्या शेतकऱ्याने तेव्हाच विचारला होता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी माणसे त्यात उतरली. स्त्रियाही मोठ्या संख्येने आल्या आणि तुरुंगात गेल्या. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. बापटांच्या नावामागे ‘सेनापती’ ही उपाधी लागली ती याच लढ्यात. काही काळ काम थांबले, पुन्हा सुरू झाले, अटका झाल्या. १९२४ च्या अखेरीस बापटांनी अहिंसेची मर्यादा ओलांडून रेल्वेगाडी अडवली आणि दीर्घ शिक्षा भोगली. तोवर चळवळ विझत आली होती. १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले.

या लढ्यातील वाद आजही वाचनीय वाटतो, कारण दोन्ही पक्षांजवळ खरे मुद्दे होते. योजनेचे समर्थक म्हणत होते की, यातून लक्षावधी रुपयांचा कोळसा वाचेल, मुंबईचा धूर कमी होईल, कामगारांना काम मिळेल आणि देश स्वावलंबी होईल. यांतला एकही मुद्दा खोटा नव्हता. विरोधकांचे म्हणणे वीज नको असे नव्हतेच. आमची संमती न घेता आमची जमीन का, एवढेच ते विचारत होते. गांधींनीही १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’त, एका गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध मिळणाऱ्या अशा वरदानांचे मोल काय, अशा आशयाचा प्रश्न केला होता. स्वदेशी भांडवल आणि स्वदेशी शेतकरी समोरासमोर उभे राहिले, की स्वदेशीचा अर्थ कोणी लावायचा, हा पेच राष्ट्रीय चळवळीला येथे प्रथमच इतक्या उघडपणे पडला.

पेच केवळ तत्त्वाचा नव्हता. भुस्कुट्यांनी या सत्याग्रहाचा इतिहास लिहिला आणि पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. त्या अभ्यासातून दिसते ते असे की, खोऱ्यातील बरीच जमीन पुण्यातील सावकारांच्या नावावर होती. त्यांच्या दृष्टीने जमीन म्हणजे मालमत्ता होती, आणि मालमत्तेची किंमत करता येते. कसणाऱ्या कुळाच्या दृष्टीने जमीन म्हणजे घर, देव, सोयरीक आणि उद्याचे जेवण. तिला भाव नव्हता, आणि म्हणून कागदावर तिची नोंदही नव्हती. मोबदल्याचा प्रश्न पुढे येताच हे दोन वर्ग अलग झाले. आमच्या मते मुळशीच्या पराभवाचे एक प्रमुख कारण येथे आहे.

मग कोळसाच बरा होता काय? तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबईत जळणारा कोळसाही कुणाच्या तरी जमिनीखालूनच येत होता. झरियाच्या खाणपट्ट्यात १९१६ साली जमिनीखालील आग प्रथम नोंदली गेली. एक शतक उलटले तरी ती पुरती विझलेली नाही, आणि तिच्यावर राहणाऱ्यांचे पुनर्वसन रखडतच आले आहे. शिवाय पांढऱ्या कोळशाने काळा कोळसा हटवला, असेही झाले नाही. रेल्वेच्या विजेसाठी ठाकुर्लीला १९२९ मध्ये कोळशावरचे वीजगृह उभे राहिले, आणि १९५६ मध्ये तुर्भ्याला टाटांचेच औष्णिक केंद्र आले. नवे इंधन जुन्याच्या जागी येण्याऐवजी त्याच्या शेजारी येऊन बसते, आणि भूक तेवढी वाढत जाते.

स्वातंत्र्यानंतर कोयनेच्या वेळी हाच प्रसंग अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यांतून १९७६ साली महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला. देशातील अशा स्वरूपाचा तो पहिला. १८९४ चा कायदा जाऊन नवा येण्यास २०१३ साल उजाडावे लागले. ज्या तरतुदी त्यात आल्या, त्यांतील कित्येकांची मागणी मुळशीच्या मावळ्यांच्या तोंडी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच होती.

आज पर्यायी ऊर्जेचा विचार पुन्हा ऐरणीवर आला आहे, आणि तो यायलाच हवा. तापमानवाढ ही कल्पना राहिलेली नाही. सूर्य मावळल्यावर लागणारी वीज साठवण्यासाठी पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारे उदंचन प्रकल्प आखले जात आहेत. २०२३ मध्ये भिवपुरी आणि शिरवटा येथे अशा प्रकल्पांसाठी टाटा कंपनी आणि राज्य शासन यांच्यात करार झाला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचाच घाटमाथा, तेच पाणी, नवे प्रयोजन. ‘पांढरा कोळसा’ हा शब्द मागे पडला असून त्याच्या जागी ‘स्वच्छ’ आणि ‘हरित’ ही विशेषणे आली आहेत.

विशेषण इंधनाचा एकच गुण सांगते. त्याने धूर होतो की नाही, एवढेच. ते कोणाच्या शेतातून येते, कोणाच्या घरात उजेड पाडते आणि निर्णयाच्या वेळी कोणाला विचारले गेले, हे विशेषणात मावत नाही. आपण घरात कोणते इंधन वापरावे, याची चर्चा आपण आपल्या बटणापासून सुरू करतो. ती धरणाच्या पायथ्यापासूनही सुरू करता येते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी ती तेथून सुरू केली होती. त्यांचा लढा हरला. त्यांचा प्रश्न अद्याप उत्तराची वाट पाहत आहे.