सरकत्या करवतीची किंमत : पंचेचाळीस अंशांचा तीन शतकांचा हिशेब

१/
खोलीच्या दाराभोवती बसवलेली लाकडी पट्टी नीट पाहिली, तर वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एक बारीक तिरकी रेघ दिसते. दोन पट्ट्या तेथे ४५ अंशांत कापून एकमेकींना भिडवलेल्या असतात. रेघ केसाएवढी असेल तर कोणी तिची दखल घेत नाही. फट पडली, तर प्रत्येकाची नजर तेथेच जाते. या एका रेघेपायी युरोप-अमेरिकेतील सुतारांनी गेली तीन शतके आपल्या करवती बदलल्या आहेत.

२/
या तिरक्या सांध्याला इंग्रजीत ‘मायटर’ म्हणतात आणि तो कापणाऱ्या यंत्राला ‘मायटर सॉ’. आज अशा यंत्रांचे दोन मुख्य प्रकार मिळतात. एकात गोल पाते फक्त वरून खाली येते. दुसऱ्यात ते दांड्यांवरून पुढे-मागे सरकतेही. या सरकत्या यंत्रांतील सर्वांत महागडी यंत्रे साध्याच्या कित्येक पट किमतीला विकली जातात. हातातले यंत्र चालू असताना एवढे पैसे मोजावेत का, हा अनेक सुतारांपुढचा प्रश्न आहे. तो दिसतो तितका नवा नाही.

३/
प्रथम चुकीचे गणित पाहावे. पट्टी १०० मिलिमीटर रुंद असेल, तर ४५ अंशांच्या सांध्याची लांबी सुमारे १४१ मिलिमीटर होते. दोन्ही तुकडे कापताना प्रत्येकी अर्धाच अंश चुकला, तरी सांध्याच्या एका टोकाला सुमारे अडीच मिलिमीटर फट पडते. चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप एकाच बाजूला अर्धा अंश चुकला, तर चौथ्या कोपऱ्यापर्यंत चार अंशांची तूट साचते आणि चौकट मिटतच नाही.

४/
सतराव्या शतकात लंडनच्या जोसेफ मॉक्सन याने कारागिरांच्या विद्यांवर लिहिलेल्या ‘मेकॅनिक एक्सरसाइजेस’ या ग्रंथात ४५ अंशांची खूण करण्याच्या गुण्याचे वर्णन आहे. खूण अचूक करता येत होती. खरा प्रश्न होता तो करवत त्या खुणेवर राखण्याचा. मनगट किंचित वळले की कोन गेला. म्हणून जुने कारागीर जरा लांब कापत आणि मग रंध्याने टोक तासून सांधा जुळवत. काम सुबक होई, पण प्रत्येक कोपऱ्याला वेळ लागे.

५/
यावर सापडलेला सोपा उपाय म्हणजे मायटर बॉक्स. वर उघडी असलेली लाकडी पन्हळ, तिच्या दोन्ही भिंतींत तिरक्या खाचा आणि त्या खाचांतून चालणारी करवत. कोनाची जबाबदारी आता हाताकडून पेटीकडे गेली. पण या पेटीत एक दोष जन्मजात होता. करवत ज्या खाचेच्या आधाराने चाले, तीच खाच ती प्रत्येक फेरीला थोडी थोडी खात असे. काही काळाने खाच रुंद होई, पाते डुलू लागे आणि पेटी टाकून द्यावी लागे.

६/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत धातूच्या मायटर बॉक्स बाजारात आल्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मिलर्स फॉल्स कंपनीची ‘लँग्डन’ नावाची पेटी त्यांपैकी नामांकित होती. तिच्यात करवत धातूच्या आधारांत धरलेली असे आणि हवा तो कोन लावून पक्का करता येई. चार फळ्यांची पेटी सुतार स्वतः ठोकत असे. ही मात्र विकत घ्यावी लागे. जास्त पैसे मोजून त्याला वेग फारसा मिळाला नाही. करवत तीच होती आणि ओढणारा हातही तोच. त्याला मिळाला तो न ढळणारा कोन. पुढच्या साऱ्या कथेचे सूत्र हेच आहे.

७/
गोल पात्याची करवत त्याआधीच माहीत होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याच्या १७७७ च्या पेटंटात तिचा उल्लेख येतो. मात्र ती दीर्घकाळ गिरणीतच राहिली. तिला पाण्याची वा वाफेची शक्ती लागे, आणि लाकूड करवतीकडे न्यावे लागे. बांधकामावरच्या सुताराला तिचा प्रत्यक्ष उपयोग नव्हता. विजेवर चालणारी आटोपशीर मोटर आल्यावर हे चित्र पालटले.

८/
१९२२ मध्ये न्यू जर्सीतील ब्रिजटन येथे रेमंड डीवॉल्ट याने एक नवी जुळणी केली. मोटर आणि पाते त्याने मेजावर आडव्या आलेल्या एका दांड्याखाली टांगले. लाकूड जागेवर राही, पाते त्यावरून सरके. दांडा वळवता येई, मोटर कलवता येई. हीच ‘रेडियल आर्म सॉ’. १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिओला येथे त्याची कंपनी उभी राहिली. आज ड्रिलपासून करवतीपर्यंत पिवळ्या-काळ्या अवजारांवर दिसणारे नाव ते हेच.

९/
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरबांधणीचा पूर आला. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ उभ्या राहिलेल्या लेव्हिटाउन या एका वसाहतीतच १७,००० हून अधिक घरे बांधली गेली आणि त्यांसाठी लाकूड आधीच मापात कापून जागेवर पोहोचवले जाई. अशा युगात रुंद फळी एका ओढीत कापणारे यंत्र सुताराला वरदान वाटले. पुढे त्याच्या लहान आवृत्त्या हौशी लोकांच्या गॅरेजांतही पोहोचल्या.

१०/
पण या यंत्राचा गुण हाच त्याचा दोष होता. खांब वर-खाली होई, दांडा वळे, मोटरचा आधार फिरे, मोटर कले. जेवढे सांधे हलते, तेवढ्या जागा ढिल्या पडण्याच्या. ४५ अंशांवर लावलेला दांडा परत काटकोनात आणला की तो नेमका काटकोनातच येईल, याची खात्री नसे. जाणकार सुतार गुण्या लावून यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून घेत. इतरांच्या सांध्यांत फटी दिसत.

११/
दुसरा दोष अधिक भयंकर होता. या करवतीत सुतार पाते स्वतःकडे ओढून लाकूड कापतो. पात्याच्या फिरण्याची दिशा अशी की ते लाकडावर चढू पाहते आणि दात लागताच स्वतःहून पुढे, म्हणजे ओढणाऱ्याच्या अंगावर धावते. हात आखडून त्याला आवरावे लागते. एखाद्या क्षणी आवरले नाही, तर किंमत बोटांनी मोजावी लागे.

१२/
१९६४ मध्ये रॉकवेल या अमेरिकी कंपनीने नेमकी उलटी वाट धरली. एड नीहाउस याच्या नेतृत्वाखालील आरेखकांनी जुन्या मायटर बॉक्सलाच मोटर जोडली. पाते सरकत नव्हते. एका बिजागरीवर वरून खाली येई, बस. हलते सांधे थोडे, म्हणून कोन टिकाऊ. यंत्र उचलून कामाच्या जागी नेता येई. रॉकवेलने या कल्पनेचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे इतर उत्पादकांना रान मोकळे राहिले.

१३/
या यंत्रात सुताराने अचूकता मिळवली आणि रुंदी गमावली. गोल पाते जागेवरच खाली येते, तेव्हा फळीची किती रुंदी कापली जाईल हे पात्याच्या व्यासावर ठरते. १० इंची पात्याचे असे यंत्र सरळ कापात साधारण साडेपाच इंच रुंद फळी कापते. ४५ अंशांत वळवले की सुमारे चार इंचच. भिंतीच्या तळाची उंच पट्टी, जिन्याची पायरी, कपाटाचा फळा हे सारे त्याच्या आवाक्याबाहेर राहिले. म्हणून अनेक कार्यशाळांत दोन्ही यंत्रे नांदू लागली.

१४/
छताच्या कडेची नक्षीदार पट्टी, म्हणजे क्राउन मोल्डिंग, हा याहून अवघड प्रकार. ती भिंतीला आणि छताला तिरकी टेकते. तिचा कोपरा मेजावर आडवा ठेवून कापायचा, तर पाते वळवावेही लागते आणि कलवावेही लागते. अमेरिकेत रूढ असलेल्या ३८ अंशांच्या पट्टीसाठी वळण ३१.६ अंश आणि कल ३३.९ अंश. रुंद पट्टी, दोन कोन आणि दशांशातली अचूकता, या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात हव्या होत्या.

१५/
१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी उत्पादकांनी ही कोंडी फोडली. हिताचीचे ‘सी ८ एफ बी’ हे साडेआठ इंची पात्याचे यंत्र या घडणीचे आरंभीचे गाजलेले उदाहरण. रॉकवेलच्या कल्पनेतले वरून खाली येणारे डोके येथे दांड्यांवर बसवले आणि ते सरकू लागले. पाते लहान असूनही ते सुमारे १२ इंच रुंद फळी कापू शकत होते. डीवॉल्टची रुंदी आणि रॉकवेलचा कोन एकत्र आले.

१६/
या यंत्रात आणखी एक बदल होता. डीवॉल्टच्या करवतीत पाते अंगाकडे ओढायचे. येथे डोके आधी रिकामे पुढे आणायचे, मग खाली दाबायचे आणि कापताना अंगापासून दूर ढकलायचे. पात्याचा जोर आता ढकलणाऱ्या हाताला विरोध करतो, त्यामुळे ते स्वतःहून धावून येत नाही. क्रियेची दिशा उलटी केली आणि जुन्या भीतीचे मोठे कारण नाहीसे झाले. मात्र पाते ओढत ओढत कापणाऱ्याला तोच धोका आजही आहे.

१७/
जुन्या यंत्राचा हिशेब २००० साली चुकता झाला. १९५८ ते १९९२ या काळात ‘क्राफ्ट्समन’ नावाने विकल्या गेलेल्या सुमारे ३७ लाख रेडियल आर्म करवतींसाठी सुधारित संरक्षक कवच देण्याची मोहीम अमेरिकेत जाहीर झाली, कारण मूळ कवच पाते पूर्ण झाकत नव्हते. ज्या यंत्रांना नवे कवच बसत नव्हते, त्यांच्या मालकांनी मोटरचा भाग परत केल्यास १०० डॉलर देऊ केले गेले. एका पिढीचे लाडके यंत्र अशा रीतीने अडगळीत गेले.

१८/
पण सरकणे आले की जुना रोगही परत येतो. डोके दांड्यांच्या टोकापर्यंत पुढे आले की त्याचे सारे वजन आधारापासून लांब असते. दांडा किंचित वाकला वा बेअरिंगमध्ये बारीकशी मोकळीक राहिली, तरी पाते आडवे डुलते. रुंद फळीत काप एका टोकाला खरा आणि दुसऱ्या टोकाला खोटा निघतो. शिवाय मागे सरकणाऱ्या दांड्यांसाठी भिंतीपासून बरीच जागा सोडावी लागते.

१९/
महागड्या यंत्रांची सारी हुशारी या दोन दुखण्यांवर खर्च झाली आहे. फेस्टूलच्या ‘कॅपेक्स’मध्ये दांडे स्थिर ठेवून डोकेच त्यांवरून सरकवले, त्यामुळे यंत्र भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवता येते, अमेरिकेत त्याची किंमत हजार डॉलरांच्या वर गेली. बॉशने दांडेच काढून टाकले आणि कोपरासारखा दुमडणारा जोडबाहू बसवला. पाते कसे फिरते यात मात्र मूलभूत फरक नाही. पैसा जातो तो पाते डुलू नये, लावलेला कोन ढळू नये आणि जागा कमी लागावी, यासाठी.

२०/
म्हणून हा निर्णय किमतीच्या पाटीवरून होत नाही. ज्याच्या कामात चार इंचांच्या आतल्या पट्ट्या आणि चौकटीच अधिक, त्याला न सरकणारे साधे यंत्र पुरते. सरकते पण स्वस्त यंत्र घेतले, तर न लागणारी रुंदी विकत घेऊन तो आपला हक्काचा कोन धोक्यात घालतो. ज्याला रोज रुंद फळ्या आणि छतपट्ट्या कापाव्या लागतात, जागा अपुरी आहे आणि एक बिघडलेला कोपरा म्हणजे बुडालेली मजुरी, त्याच्यासाठी महाग यंत्राचा पैसा वसूल होतो. मधल्या अनेकांसाठी जुन्या यंत्रावर चढवलेले धारदार, बारीक दातांचे नवे पाते हीच सर्वांत मोठी सुधारणा ठरते.

२१/
निवाड्याची रीतही जुनीच आहे. रुंद फळी काटकोनात कापावी, एक तुकडा उलटा पालथा करावा आणि दोन्ही तुकड्यांच्या लांब कडा सरळ पट्टीला टेकवून कापलेली टोके भिडवावीत. काप चुकला असेल, तर चूक दुप्पट होऊन फटीच्या रूपाने समोर येते. मग चार पट्ट्या ४५ अंशांत कापून चौकट मांडावी. यंत्र नीट जुळवूनही फट उरत असेल, किंवा हवी ती फळी त्यात मावतच नसेल, तर यंत्र बदलण्याची वेळ आली आहे. चारही कोपरे मिटले, तर पैसे गाठीला राहू द्यावेत.