शेजारच्या घरातला बॉम्बे गट

रक्तगट हा विषय माझ्याकडे शाळेच्या ओळखपत्रामुळे आला. आमच्या डिचोलीत शेजारचा मुलगा पाचवीत गेला, ओळखपत्रावर रक्तगट लिहायचा म्हणून तपासणी झाली आणि कागदावर आलं, बी पॉझिटिव्ह. आई ए, बाप ओ. आजी कागद घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. "बाये, तूं शिकिल्ली, तूंच पळय." मी कला शाखेची पदवीधर! मुलीचं जीवशास्त्राचं पुस्तक काढलं, तक्ता पाहिला आणि सांगून टाकलं, "काकी, पुस्तकाप्रमाणे ए आणि ओ यांचं मूल बी होत नाही."

त्या एका वाक्याने पलीकडे काय झालं ते भिंतीतून ऐकू येत होतं. सून दोन महिने साखळीला माहेरी जाऊन राहिली. परत आली, पण माझ्याशी नजर मिळवेना. मीही गप्पच.

चार वर्षांनी तिच्या नवऱ्याचा स्कूटरवरून अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनसाठी ओ गटाचं रक्त मागवलं, तर एकही बाटली जुळेना. ओ गटाच्या माणसाला ओ रक्त चालत नाही, म्हणजे काय? नमुना मुंबईला गेला. उत्तर आलं: बॉम्बे गट.

मग मी वाचायला बसले. ए, बी आणि ओ हे भेद कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात 1901 साली दाखवले, त्याबद्दल त्यांना 1930 मध्ये नोबेल मिळालं. पन्नास वर्षं सगळे धरून चालले की ए, बी, एबी आणि ओ यांत माणूस संपला. तो समज मोडला आपल्या मुंबईत. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशी माणसं मांडली, ज्यांचं रक्त यांपैकी कशातच बसत नव्हतं. त्या निबंधावर लंडनच्या दोन बायकांचीही नावं आहेत, रूथ सँगर आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. रक्तगट म्हणजे मुळात साखरेची रचना, हे उलगडण्यात वॉटकिन्सबाईंचा मोठा वाटा. साखरेवरून गट ठरतो हे वाचून मला आपलं स्वयंपाकघरच आठवलं.

ते असं आहे. तांबड्या पेशीवर आधी एच नावाचा पाया घातला जातो. त्यावर एक साखर चढली की ए, दुसरी चढली की बी. काहीच चढलं नाही, नुसता पायाच राहिला, तर ओ. बॉम्बे गटाच्या माणसात हा पायाच नसतो. त्याच्याकडे बीची साखर चढवण्याची आज्ञा असली तरी ती चढवायची कशावर? म्हणून नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो. पण एच त्याच्या शरीराला परका, आणि ओ रक्तात एच भरपूर. ते चढवलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

बापाच्या अंगात दडलेला तो बी मुलात उतरला. आईकडून एचचा पाया मिळाला, म्हणून मुलात तो दिसला. असं आधीही घडलेलं आहे. 1955 साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी इटालियन वंशाच्या एका बाईचं रक्त तपासलं. ती दिसायला ओ, पण मुलीच्या रक्तात आईकडून आलेला बी. दोष शोधणाऱ्यांनी तिथे काय केलं असतं कोण जाणे.

आपल्याकडे हा गट साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. एच नसण्याचा वारसा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, एकाकडून आला तर तो नुसता पुढे जात राहतो. नात्यात लग्नं झाली की दोन्हीकडून यायची शक्यता वाढते. काकींचं स्वतःचं लग्न मामेभावाशी झालेलं! मी हसायची सोय नाही, बेळगाव-कोल्हापूरकडच्या आपल्या जैन घरांतही हेच चालत आलं, आणि मीही आत्याचीच सून.

काकींना मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. "म्हणजे आमच्याच घरातलं," एवढंच म्हणाल्या. सुनेकडे मी एकटीच गेले. पुस्तकातला तक्ता खोटा नव्हता, अपुरा होता, हे सांगताना माझाच आवाज फुटेना. तिने चहा ठेवला. माफ केलं की नाही, ते काही बोलली नाही.

मुंबईहून दोन बाटल्या आल्या, ऑपरेशन झालं, तो आता काठीशिवाय चालतो. पण अशा माणसाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हाच गट असण्याची शक्यता चारात एक असते. त्याची धाकटी बहीण पेडण्याला दिलेली आहे, पाचवा महिना चालू आहे. तिच्या कार्डावर लिहिलंय, ओ पॉझिटिव्ह. ते नुसते ए आणि बीचे थेंब टाकून लिहिलेलं, तिचं रक्तद्रव ओ पेशींशी लावून पाहिलेलं नाही. तिच्या सासूला वाटतं, ओ लिहिलंय ना, मग परत सुई कशाला? शनिवारी सूनबाई आणि मी पेडण्याला जाऊन तिला म्हापशाला तपासणीला नेणार आहोत. कागदावर काय मागायचं, ते सुनेने माझ्याकडून लिहून घेतलंय.