पेल्यावरचें झांकण

स्पेनच्या दक्षिणेस आंदालुसिया नांवाचा प्रांत आहे व सेव्हिल ही त्याची राजधानी. या शहरांत 'एल रिंकोन्सियो', म्हणजे 'छोटा कोपरा', या नांवाचें एक मद्यगृह आहे. तें सन १६७० पासून चालत आलें आहे असें सांगतात. म्हणजे इकडे तानाजीनें कोंडाणा घेतला त्याच सालापासून. छताला खारवलेल्या डुकराच्या मांड्या टांगलेल्या, भिंतीशीं जुन्या बाटल्यांच्या रांगा, आणि समोर काळपट लांकडाची लांब फळी. गिऱ्हाइकें त्या फळीला टेकून उभ्याउभ्याच घेतात. हातांत पेला, पुढ्यांत पालक-हरभऱ्यांची वीतभरही नसेल अशी बशी. हिशेब त्या फळीवरच खडूनें लिहिला जातो आणि पैसे चुकते झाले कीं पुसला जातो.

या लहानशा बशीस 'तापा' म्हणतात. 'तापार' म्हणजे झांकणें. तेव्हां 'तापा' म्हणजे झांकण. मद्याच्या पेल्यांत माशी अगर धूळ पडूं नये म्हणून त्यावर पावाची किंवा मांसाची चकती ठेवीत, व तेंच पुढें खाद्याचें नांव झालें, अशी व्युत्पत्ति सांगण्यांत येते. लोकांना मात्र एवढ्यानें समाधान होत नाहीं. त्यांना राजा हवा असतो. म्हणून कोणी तेराव्या शतकांतील दहाव्या आल्फोन्सोचें नांव घेतात : वैद्याच्या सल्ल्यावरून त्यानें आजारपणांत मद्याबरोबर चार घांस खाल्ले आणि बरा होतांच खाद्याशिवाय मद्य विकूं नये असा हुकूम काढला. कोणी तेराव्या आल्फोन्सोला कादिझच्या किनाऱ्यावर नेऊन बसवितात आणि वाऱ्यानें वाळू उडूं लागतांच त्याच्या पेल्यावर मांसाची चकती ठेववितात. गोष्टी गोड आहेत, इतकेंच. खारट खाल्लें कीं तहान लागते व तहान लागली कीं दुसरा पेला खपतो, हें कळण्यास दुकानदाराला राजाज्ञेची गरज पडली नसावी. स्पॅनिश अकादमीनें या अर्थानें हा शब्द आंदालुसियाचा प्रांतिक शब्द म्हणून आपल्या कोशांत घेतला तो १९३६ च्या आवृत्तींत.

शब्द असा अर्वाचीन, पण चाल जुनी. सर्व्हांतीस याच्या 'डॉन किहोटे' या ग्रंथाचा दुसरा भाग १६१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ५४ व्या प्रकरणांत सांचो पांझा वाटेनें जात असतां त्याला परदेशी यात्रेकरूंचा एक घोळका भेटतो. त्यांतील एक जण त्याला कडकडून मिठी मारतो. हा त्याच्या गांवचा दुकानदार, त्याचा शेजारी रिकोते. पण रिकोते हा मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मुसलमानांच्या वंशांतला. आणि १६०९ ते १६१४ या काळांत स्पेनच्या राजानें असे सुमारें तीन लाख लोक देशाबाहेर घालविले होते. पुरून ठेवलेलें धन काढण्यासाठीं रिकोते वेष पालटून परत आलेला असतो. सर्व मंडळी गवतावर बसतात व शिदोऱ्या सोडतात : पाव, मीठ, अक्रोड, चीजच्या फोडी, माशाची खारवलेली अंडीं, ऑलिव्हचीं फळें, आणि चोखण्यापुरतीं उरलेलीं डुकराचीं हाडें. प्रत्येकाजवळ मद्याची एकेक पखाल.

वाचकाचें लक्ष त्या हाडांवर थांबलें पाहिजे. त्या काळीं डुकराचें मांस वर्ज्य करणें हा धर्मन्यायासनापुढें पुरावा मानला जाई. (गोव्यास १५६० मध्यें आलेलें इन्क्विझिशन हें याच न्यायासनाचें पोर्तुगीज भावंड.) तेव्हां चारचौघांत तें हाड तोंडाला लावणें हें रिकोतेच्या बाबतींत केवळ भुकेचें काम नव्हतें, तो त्याचा परवाना होता. मद्य संपल्यावर इतर यात्रेकरू झोंपीं जातात आणि हे दोघे शेजारी झाडाखालीं बोलत बसतात. धन काढण्यास मदत केल्यास रिकोते दोनशें सुवर्णनाणीं देऊं करतो. राजाच्या शत्रूला साह्य करणें हा द्रोह होईल म्हणून सांचो नकार देतो. मात्र कोणाला सांगणार नाहीं, असें वचन देतो. गरीब शेतकऱ्यानें राजा आणि शेजारी या दोघांनाही याहून अधिक काय द्यावें?

माणसें गेलीं, नांवें राहिलीं. आजही त्या फळीवर मागविलें जाणारें 'आसेइतुना' म्हणजे ऑलिव्हचें फळ आणि 'आल्बोंदिगा' म्हणजे मांसाचा गोळा, हे दोन्ही शब्द अरबी. कोर्दोव्याकडे तळलेल्या वांग्यांवर उंसाची काकवी घालून देतात. त्या 'बेरेन्हेना'चें कूळ अरबी व फारसींतून थेट संस्कृत 'वातिंगणा'पर्यंत पोंचतें, आणि आपलें वांगेंही त्याच घराण्यांतलें.

बटाटा मात्र अमेरिकेचा. इकडे तो शब्द पोर्तुगीजांनीं आणला. आणि १५८० ते १६४० पर्यंत पोर्तुगाल व त्याबरोबर गोवाही स्पेनच्याच राजांच्या ताब्यांत होता, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. बटाटा व अंडीं यांची जाड धिरडी, 'तोर्तिया', ही तापाच्या बशींतली नित्याची वस्तु. तीही १८३५ च्या बिल्बाओच्या वेढ्यांत सेनापति सुमालाकारेगी यानें शोधून काढली अशी आख्यायिका आहे. परंतु नाव्हार्रा प्रांतांतील १८१७ च्या एका अर्जांत शेतकऱ्यांच्या दैन्याचें वर्णन करतांना तिचा उल्लेख आलेला आहे. थोडीं अंडीं पुष्कळ तोंडांना पुरवावीं, यासाठींच बटाटा त्यांत शिरला.

यादवी युद्ध १९३९ मध्यें संपलें, पण शिधापत्रिका १९५२ पर्यंत राहिल्या. त्या वर्षांत ती टीचभर बशी फुकट मिळणें ही लहान गोष्ट नव्हती. स्त्रियांना तर कायद्यानेंच नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरतां येत नसे. तें बंधन १९७५ मध्यें उठलें. आतां रविवारीं दुपारच्या जेवणापूर्वीं आजी, सून, नातवंडें अशीं सारींच गल्लींतल्या मद्यगृहांत दिसतात.

उत्तरेस सान सेबास्तियान येथें बशीऐवजीं काडी असते. १९४० नंतरच्या दशकांत तेथें ऑलिव्ह, अँचोव्ही मासा व हिरवी मिरची एका काडींत ओंवून देऊं लागले, आणि १९४६ च्या चित्रपटावरून तिला 'हिल्दा' हें नांव पडलें. फळीवर मांडलेलें हवें तें गिऱ्हाइकानें उचलावें. निघतांना मालक विचारतो, किती झालें? गिऱ्हाईक आंकडा सांगतो, आणि मालक बहुधा काड्या मोजीत नाहीं.