द्रव बायोप्सी

कर्करोगाच्या गाठीतून रक्तात उतरलेले डीएनएचे तुकडे किंवा पेशी शोधून रोगनिदान करण्याची व उपचार ठरवण्याची पद्धत. नेहमीच्या बायोप्सीत गाठीचा तुकडा काढावा लागतो. येथे हाताच्या शिरेतले थोडे रक्त पुरते व उपचार चालू असताना ते पुनःपुन्हा घेता येते.

इतिहास : ऑस्ट्रेलियातील वैद्य टॉमस अ‍ॅशवर्थ यांना १८६९ मध्ये कर्करोगाने मरण पावलेल्या रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी आढळल्या. फुप्फुसाच्या कर्करोगातील ईजीएफआर जनुकाचे बदल रक्तात शोधणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये मान्यता दिली. या बदलांवरून एर्लोटिनिब हे औषध कोणाला द्यावे, हे ठरवता येते.

नमुना : रक्तद्रवातील मुक्त डीएनए बहुतांशी रक्तपेशींचा असतो, रोगाच्या आरंभी गाठीचा वाटा पुष्कळदा एक टक्क्याहूनही कमी असतो. रक्त तसेच ठेवले, तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएमध्ये हा अंश हरवतो. म्हणून साध्या ईडीटीए नळीतले रक्त काही तासांतच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून रक्तद्रव वेगळा करतात. पेशी स्थिर ठेवणाऱ्या खास नळीत ते काही दिवस चालते.

सहकार्य : प्रत्येक प्रयोगशाळेची नळी आणि रीत वेगळी असेल, तर निष्कर्ष ताडून पाहता येत नाहीत. समान मानके ठरवण्यासाठी युरोपात कॅन्सर-आयडी आणि अमेरिकेत ब्लडपॅक हे उपक्रम सुरू झाले. विद्यापीठे व कंपन्या त्यांत एकत्र आल्या. अशा सहकार्याचे मोल ‘डायनॅमिक’ चाचणीत दिसले. ऑस्ट्रेलियातील रुग्णालये व अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगाचे ४५५ रुग्ण होते. एका गटात शस्त्रक्रियेनंतर चौथ्या व सातव्या आठवड्यात रक्त तपासून केमोथेरपीचा निर्णय घेतला. या गटात १५ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात २८ टक्के रुग्णांना ती द्यावी लागली. दोन वर्षांनी रोग न उलटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९३·५ व ९२·४ टक्के होते (२०२२). अनेकांची कष्टप्रद केमोथेरपी टळली, हे या संशोधनाचे खरे यश होय.

मर्यादा : लक्षणे नसलेल्यांत रोग हुडकणे अधिक अवघड आहे. ‘कॅन्सरसीक’ या चाचणीने २०१८ च्या अभ्यासात पहिल्या टप्प्यातले सुमारे ४३ टक्केच कर्करोग ओळखले. वाढत्या वयात रक्तपेशींतच होणारे जनुकीय बदलही दिशाभूल करतात. त्यामुळे चाचणी निर्दोष आली तरी रोग नाही असे ठरत नाही आणि चाळणी चाचणीत संशय आल्यास स्कॅन व ऊतींची बायोप्सी करून निदान पक्के करावे लागते.