आभासी यंत्रातील सामायिक फोल्डर आणि कर्नलची सुधारणा

आभासी यंत्रातील सामायिक फोल्डर म्हणजे यजमान संगणकावरील एखादा फोल्डर त्याच संगणकावर चालणाऱ्या आभासी यंत्रालाही वापरता यावा, यासाठी केलेली सोय होय. अतिथी प्रणाली लिनक्स असेल आणि तिचा कर्नल नव्या आवृत्तीचा झाला, तर ही सोय अनेकदा बंद पडते. फोल्डर दिसेनासा होतो, रिकामा दिसतो किंवा तो जोडण्याची आज्ञा त्रुटी दाखवून थांबते. अशा वेळी फोल्डरातील फाइली नाहीशा झालेल्या नसतात. त्या यजमानाच्या डिस्कवर जागच्या जागी असतात. तुटलेला असतो तो दोन प्रणालींमधील दुवा. मात्र दुवा तुटलेला असल्याचे लक्षात न येता काम चालू राहिले, तर फाइली भलत्याच ठिकाणी साठवल्या जाण्याचा किंवा पुसल्या जाण्याचा धोका संभवतो.

रचना

ज्या प्रत्यक्ष संगणकावर आभासी यंत्र चालते त्याला यजमान आणि आभासी यंत्रात चालणाऱ्या संचालन प्रणालीला अतिथी असे म्हणतात. अतिथीला स्वतःची आभासी डिस्क असते आणि यजमानाच्या डिस्कवरील फाइली तिला आपोआप दिसत नाहीत. यासाठी आभासीकरणाचे सॉफ्टवेअर यजमानावरील निवडक फोल्डर अतिथीपुढे मांडते आणि अतिथीतील एक मॉड्यूल तो फोल्डर तेथील निर्देशिकांच्या वृक्षात जोडते. ज्या निर्देशिकेवर तो जोडला जातो तिला जोडबिंदू म्हणतात.

उदाहरणार्थ, रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदीच्या मुखाशी असलेल्या पूर्णगड किल्ल्याची छायाचित्रे व टिपणे यजमानावरील एका फोल्डरात ठेवली आहेत आणि तो ‘पूर्णगड’ या नावाने सामायिक केला आहे, असे समजू. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आपोआप जोडणीचा पर्याय निवडला असल्यास लिनक्स अतिथीत तो सामान्यतः ‘मीडिया’ निर्देशिकेत, नावाआधी ‘एसएफ’ ही अक्षरे व अधोरेषा लागून दिसतो.

व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर इनोटेक या जर्मन कंपनीने २००७ मध्ये प्रसिद्ध केले. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे आले. त्यातील सामायिक फोल्डर ‘गेस्ट अॅडिशन्स’ या पूरक संचावर अवलंबून असतात. या संचातील ‘व्हीबॉक्सगेस्ट’ हे मॉड्यूल यजमानाशी संपर्क ठेवते आणि ‘व्हीबॉक्सएसएफ’ हे मॉड्यूल फोल्डर जोडते.

कारणे

लिनक्स कर्नलचा वापरकर्त्याच्या प्रोग्रामांशी असलेला व्यवहार दीर्घकाळ स्थिर ठेवला जातो. परंतु कर्नलच्या अंतर्गत रचनेबाबत असे बंधन विकासक पाळत नाहीत. त्यामुळे कर्नलबाहेर तयार झालेले मॉड्यूल ज्या आवृत्तीसाठी घडवले त्याच आवृत्तीत चालण्याची खात्री असते. प्रत्येक आवृत्तीची मॉड्यूले वेगळ्या निर्देशिकेत ठेवली जातात. नवा कर्नल सुरू झाल्यावर तो आपल्याच निर्देशिकेत शोध घेतो आणि तेथे व्हीबॉक्सएसएफ नसेल, तर फोल्डर जोडला जात नाही.

हे टाळण्यासाठी डीकेएमएस ही यंत्रणा वापरतात. ती डेल कंपनीत विकसित झाली. नवा कर्नल बसवला गेला की ती मॉड्यूलाच्या मूळ संहितेपासून त्या आवृत्तीचे नवे मॉड्यूल घडवते. त्यासाठी संकलक, ‘मेक’ हे साधन आणि नव्या कर्नलच्या हेडर फाइली आवश्यक असतात. हेडर फाइली नसणे हे बिघाडाचे एक नेहमीचे कारण आहे. दुसरे कारण म्हणजे गेस्ट अॅडिशन्सची आवृत्ती फार जुनी असणे. अशा वेळी हेडर असूनही नव्या कर्नलवर तिची संहिता संकलित होत नाही.

मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.६ आवृत्तीपासून व्हीबॉक्सएसएफ लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट आहे. वितरणाने आपल्या कर्नलमध्ये ते चालू ठेवले असल्यास हा बिघाड कमी आढळतो. जुन्या आवृत्त्यांत, तसेच गेस्ट अॅडिशन्स वेगळ्या बसवलेल्या यंत्रांत, तो अजूनही संभवतो.

लक्षणे व त्यांचा अर्थ

फाइलप्रणालीचा प्रकार अज्ञात असल्याचा संदेश आल्यास व्हीबॉक्सएसएफ मॉड्यूल उपलब्ध नाही, असा त्याचा अर्थ होतो. कर्नल बदलल्यानंतर प्रामुख्याने हेच लक्षण दिसते. असे उपकरण नसल्याचा संदेश बहुधा मॉड्यूल चढलेले नसल्याचे सुचवतो. ‘प्रोटोकॉल एरर’ असा संदेश मिळाल्यास फोल्डराचे सामायिक नाव तपासावे लागते. यजमानात दिलेले नाव आणि जोडणीच्या आज्ञेतील नाव तंतोतंत जुळणे आवश्यक असते.

फोल्डर दिसतो परंतु उघडण्याची परवानगी नाकारली जाते, तेव्हा कारण कर्नलमध्ये नसते. आपोआप जोडलेले फोल्डर वापरण्यासाठी वापरकर्ता ‘व्हीबॉक्सएसएफ’ याच नावाच्या गटाचा सदस्य असावा लागतो. सदस्यत्व दिल्यावर त्याने बाहेर पडून पुन्हा प्रवेश केल्याशिवाय ते लागू होत नाही.

निदान

निदान करताना पुढील क्रम सोयीचा ठरतो.

१. ‘यूनेम’ ही आज्ञा ‘आर’ या पर्यायासह देऊन चालू कर्नलची आवृत्ती पाहणे. नवा कर्नल बसवूनही यंत्र पुन्हा सुरू केले नसल्यास जुनाच कर्नल चालू असतो. आर्च लिनक्ससारख्या वितरणांत जुन्या कर्नलची मॉड्यूले लगेच काढली जात असल्याने, पुन्हा सुरू करणे एवढाच उपाय पुरतो.

२. ‘एलएसमॉड’ या आज्ञेने चढलेल्या मॉड्यूलांची यादी पाहणे. तीत व्हीबॉक्सएसएफ नसल्यास ‘मॉडप्रोब’ने ते चढवून पाहणे. मॉड्यूल सापडले नाही आणि मॉड्यूल नाकारले गेले, हे दोन निराळे बिघाड आहेत.

३. ‘डीकेएमएस स्टेटस’ या आज्ञेने चालू आवृत्तीसाठी मॉड्यूल घडले आहे का, ते पाहणे. डीकेएमएस वापरात नसल्यास गेस्ट अॅडिशन्सच्या उभारणीची नोंद ‘व्हार’ निर्देशिकेतील ‘लॉग’ या उपनिर्देशिकेत मिळते. हेडर नसल्याची वा संकलन फसल्याची माहिती त्या नोंदीत असते.

४. ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलचे संदेश वाचणे. सुरक्षित आरंभ, म्हणजे सिक्युअर बूट, चालू असल्यास स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो आणि तशी नोंद येथे दिसते.

उपाय

प्रथम चालू कर्नलच्या हेडर फाइली बसवतात. डेबियन व उबुंटू यांत त्यांचे पॅकेज ‘लिनक्स-हेडर्स’ या नावाने आणि फेडोरात ‘कर्नल-डेव्हेल’ या नावाने मिळते. त्यानंतर ‘आरसीव्हीबॉक्सअॅड सेटअप’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिली असता मॉड्यूले नव्याने घडतात. शेवटी यंत्र पुन्हा सुरू करतात.

संकलनच फसत असेल, तर यजमानावरील व्हर्च्युअलबॉक्स नव्या आवृत्तीचे करून त्यासोबतची गेस्ट अॅडिशन्स अतिथीत बसवावी लागतात. गेस्ट अॅडिशन्स वितरणाच्या भांडारातून घेतली असल्यास ती तेथूनच अद्ययावत करणे इष्ट असते. दोन्ही मार्गांची सरमिसळ केल्यास एकाची मॉड्यूले दुसऱ्याच्या आड येतात. सुरक्षित आरंभामुळे मॉड्यूल नाकारले गेले असल्यास त्याला स्वाक्षरी देऊन ती किल्ली यंत्राच्या विश्वासू यादीत नोंदवणे, हा सुरक्षितता न घटवणारा उपाय आहे.

काम अडले असेल, तर यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब यादीतून आधीचा कर्नल निवडता येतो. त्याची मॉड्यूले शाबूत असल्याने फोल्डर पूर्ववत दिसतो. हा उपाय तात्पुरता समजला जातो. कारण जुन्या कर्नलमध्ये सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या नसतात.

रिकाम्या जोडबिंदूचा धोका

जोडबिंदू ही मुळात अतिथीच्या डिस्कवरील साधी निर्देशिका असते. जोडणी झाली नाही, तर ती रिकामी दिसते, पण तिच्यात लिहिता येते. विशेषतः वापरकर्त्याने जोडबिंदू स्वतःच्या निर्देशिकेत केला असेल, तेव्हा हे सहज घडते. वरील उदाहरणातील टिपणे अशा स्थितीत ‘पूर्णगड’मध्ये साठवली, तर ती यजमानावर न जाता अतिथीच्या आभासी डिस्कवर जातात. पुढे दुरुस्ती होऊन फोल्डर जोडला गेला की ती त्याच्या आड झाकली जातात. ती पुसली गेली, असा समज होतो आणि आभासी यंत्र काढून टाकल्यास ती खरोखरच नाहीशी होतात. जोडणी सोडवून मूळ निर्देशिका तपासल्यास अशा फाइली परत मिळतात.

याहून गंभीर प्रसंग प्रतिबिंब-प्रत घेताना ओढवतो. मूळ ठिकाणी नसलेली फाइल प्रतीतूनही काढून टाकावी, असा पर्याय ‘आरसिंक’सारख्या साधनांत असतो. जोडणी तुटलेली असताना ही आज्ञा ठरलेल्या वेळी आपोआप चालली, तर रिकामी निर्देशिका हीच मूळ समजली जाते आणि प्रतीतील फाइली पुसल्या जातात. ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा एखाद्या निर्देशिकेवर खरोखर काही जोडलेले आहे का, हे सांगते. प्रत घेण्यापूर्वी ही तपासणी ठेवल्यास हा प्रसंग टळतो.

यजमानाच्या कर्नलची सुधारणा

यजमान लिनक्स असून त्याचाच कर्नल बदलला, तर लक्षण वेगळे असते. अशा वेळी ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’ हे यजमानाकडील मॉड्यूल चढत नाही आणि आभासी यंत्र सुरूच होत नाही. हेडर बसवून ‘व्हीबॉक्सकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्याने ते पुन्हा घडते. युनिकोडपूर्व फाँटांवरील जुन्या मराठी फाइली उघडण्यासाठी लिनक्स संगणकावर विंडोज हा अतिथी चालवला जातो, तेव्हा हाच प्रकार संभवतो. तेथे अतिथीला लिनक्स कर्नल नसल्याने दोष यजमानात शोधावा लागतो.

इतर आभासीकरण सॉफ्टवेअर

व्हीएमवेअरमध्ये पूर्वी ‘व्हीएमएचजीएफएस’ हे कर्नल मॉड्यूल वापरले जाई व त्यातही असाच बिघाड होत असे. लिनक्स ४.० व पुढील आवृत्त्यांसाठी त्याऐवजी ‘ओपन-व्हीएम-टूल्स’मधील फ्यूज या तंत्रावर आधारित प्रोग्राम वापरतात. तो कर्नलबाहेर चालत असल्याने कर्नल बदलल्यावर पुन्हा घडवावा लागत नाही. केव्हीएममध्ये ‘व्हर्टआयओ-एफएस’ वापरतात, ते ५.४ आवृत्तीपासून मुख्य कर्नलचाच भाग आहे.

प्रतिबंध

कर्नलसोबत हेडरही आपोआप अद्ययावत होतील असे सर्वसाधारण पॅकेज बसवणे, किमान एक जुना कर्नल राखणे आणि कर्नल बदलण्यापूर्वी आभासी यंत्राची स्थितिप्रत घेणे, हे प्रचलित उपाय आहेत. स्थितिप्रतीत अतिथीची डिस्क येते. सामायिक फोल्डर येत नाही, म्हणून त्याची प्रत स्वतंत्रपणे घ्यावी लागते. ‘एफएसटॅब’ फाइलीत फोल्डराची नोंद केली असल्यास तिला ‘नोफेल’ हा पर्याय जोडतात. तो नसल्यास जोडणी फसताच अतिथी आपत्कालीन स्थितीत अडकू शकतो.

हेही पाहा

लिनक्स
संचालन प्रणाली
व्हर्च्युअलबॉक्स
पूर्णगड