नहपानाचं नाणं आणि बाबांची धार

परवा रविवारी बाबांना एक फोटो दाखवला. नहपानाच्या चांदीच्या नाण्याचा, चांगला मोठा केलेला. बाबांनी चष्मा कपाळावर सारला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "डाय कापणाऱ्याची धार चांगली होती रे."

राजा कोण, साल कुठलं, काही विचारलं नाही. सगळी नोकरी टूलरूममध्ये झालेली, त्यामुळे नाण्यात आधी डायच दिसणार! पण त्या एका वाक्यावरून डोक्यात जे सुरू झालं, ते इथे लिहून ठेवतोय.

आधी नाण्याची गोष्ट. आपल्या नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून जास्त चांदीची नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपानाची. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं त्यात म्हटलंय. आई मुलाचं कौतुक करणारच, असं कुणी म्हणेल. पण जोगलटेंभीच्या साठ्यानं तिची साक्ष काढली. जिंकलेल्याची नाणी वितळवत बसायला नको म्हणून त्यांच्यावरच ठोकून टाकलं. काही नाण्यांवर सातवाहनांच्या चैत्याच्या खुणेखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो.

हे नाणं केवढं? दीड सेंटिमीटरच्या आसपास. शर्टाच्या जरा मोठ्या बटणाएवढं. त्यावर एका बाजूला राजाचं डोकं आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र आणि भोवती ब्राह्मी व खरोष्ठी. तीन लिप्या! आणि हे सगळं डायमध्ये उलटं आणि खोल कोरायचं. ग्रीक अक्षरं बऱ्याच नाण्यांवर बिघडलेली आहेत. कोरणाऱ्याला ती वाचता येत नसावीत, आधीच्या डायवरून आकार उतरवत गेला असणार. पण न कळणाऱ्या अक्षराची रेघसुद्धा स्वच्छ आहे, आणि बाबांना नेमकं तेच दिसलं.

आता रेघ स्वच्छ येणं म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळलं. तो किस्सा घरात सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो.

डिप्लोमा झाल्यावर मी सातपूरच्या एका कारखान्यात ग्राइंडिंगला लागलो होतो. एक हार्ड केलेली पिन होती, फक्त ३ मायक्रॉन काढायचे बाकी. (माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.) चुकायला नको म्हणून मी एकेक मायक्रॉनचा कट देत गेलो. पहिल्या कटाला माप हललंच नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला जॉबवर तपकिरी डाग, आणि मापात एकदम जास्तच उतरला. पिन भंगारात. वर सुपरवायझरसमोर शोभा झाली ती वेगळीच.

घरी येऊन मशीनला शिव्या घातल्या. बाबांनी जेवता जेवता एवढंच विचारलं, "व्हील ड्रेस केलं होतंस?"

नव्हतं केलं. म्हटलं, मोठं काम थोडंच होतं, ३ मायक्रॉन तर काढायचे होते! त्यावर बाबा म्हणाले, "मोठ्या कामाला बोथट धार एक वेळ चालते. बारीक कामाला नाही चालत."

मला तेव्हा हे म्हातारपणाचं तत्त्वज्ञान वाटलं. "पुस्तकात असं नसतं बाबा," असंही मी बोलून गेलो. ते गप्प बसले. पुस्तकात तेच असतं, हे मला काही वर्षांनी कळलं.

कितीही परजली तरी कुठलीच धार म्हणजे टोकदार रेघ नसते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचं टोक गोल दिसतं. जाड चिप काढताना त्या गोलाईचं काही वाटत नाही. पण समजा टोकाची गोलाई ५ मायक्रॉनची आहे आणि कट १ मायक्रॉनचा. मग धातूसमोर धार येतच नाही, येतो तो गोल गुळगुळीत उतार. धातू कापला न जाता त्याखाली दाबला जातो, बाजूला सरकतो, तापतो आणि हत्यार पुढे गेलं की थोडा परत वर येतो. साधारणपणे कट हा टोकाच्या गोलाईच्या २० ते ४० टक्के तरी असावा लागतो, तेव्हा कुठे चिप सुटते. गंमत म्हणजे कट जितका लहान, तितकी प्रत्येक कणाएवढा धातू काढायला ताकद जास्त लागते. अमेरिकेत मिल्टन शॉ आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये यावर निबंध लिहिला होता. माझं झालेलं व्हील म्हणजे असे हजारो बोथट कण. मी पिन कापत नव्हतो, नुसती घासत होतो.

नाशिकचं आणि या बारीक कामाचं नातं मोठं आहे. आपली टपालाची तिकिटं पूर्वी लंडनहून दे ला रू कंपनीकडून छापून येत. १९२६ पासून ती नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापू लागले आणि १९२८ पासून नोटाही. १०० रुपयांच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, उठाव लागतो. ती शाई प्लेटमधल्या बारीक खाचांतून आलेली असते. अशा खाचा पोलादावर हातानं कोरायची कला १८४० च्या पेनी ब्लॅक तिकिटाच्या वेळी भरात होती. तिथेही कोरणाऱ्याचा बराच वेळ हत्यार परजण्यातच जायचा. पुढे सत्तरच्या दशकात आपल्या मायकोत (आताची बॉश) डिझेल इंजिनाचे नोझल होऊ लागले. नोझलमधली सुई आणि तिचं भोक यांच्यात फट असते २ ते ४ मायक्रॉनची. या शहरात बाबांसारखी किती माणसं असतील, त्याची गणतीच नाही.

नाण्यावर दोन राजांची नावं आहेत. डाय कापणाऱ्याचं नाही. बाबांनी घासलेल्या पिनांवरही कुणाचं नाव नसायचं. ते ठीकच आहे म्हणा, पिनेवर नाव कुठे घालणार!

बाबांचे हात आता थरथरतात, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. परवा फोटो बघून झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, त्या पिनेच्या वेळी तुमचंच बरोबर होतं." ते म्हणाले, "कुठली पिन?" त्यांना आठवतच नव्हती. मी इतकी वर्षं धरून बसलो होतो.

मग उठून कपाटातून तेलकट फडक्यात गुंडाळलेला ऑइलस्टोन काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "आईची विळी बोथट झालीये. माझ्यानं नाही होत आता."

नानाकाका, बाबांचा जुना लूप (डोळ्याला लावायचं भिंग) तुमच्याकडे राहिलाय का? असेल तर पुढच्या वेळी येताना आणा. विळी झाली, आता धार कशी दिसते ते बघायचंय.