सडक्या सफरचंदातला इतिहास

मी बी.ए., इतिहासाचा मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध रजेवरच्या शिक्षकांचा तास घेण्यापुरता. अशाच एका तासाला मी मुलांना छातीठोकपणे सांगितले होते, "रोग जुना झाला की सौम्य होतो. रोगीच मेला तर जंतू राहणार कुठे?" २०२० साली करोनात हेच ऐकवून मी शेजाऱ्यांना धीर देत होतो. २०२१ ची दुसरी लाट आली आणि माझी बोलती बंद झाली. मी कुठे चुकलो, ते पुढे एका किड्याच्या इतिहासाने शिकवले.

हा किडा म्हणजे सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स नावाचा सूत्रकृमी. पोटातल्या जंतांचा भाऊबंद, पण माणसाला निरुपद्रवी. लांबी जेमतेम १ मिलिमीटर. १९६३ साली केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी तो अभ्यासासाठी निवडला. त्याच्या ३०२ चेतापेशी मोजून झाल्या, १९९८ मध्ये सगळा जनुकसंच वाचून झाला, २००२ मध्ये ब्रेनर आणि दोन सहकाऱ्यांना नोबेलही मिळाले. पण गंमत पहा, एवढी कुंडली मांडूनही याला रानात कोणते आजार होतात हे फारसे कोणाला ठाऊक नव्हते! काचेच्या बशीत वाढलेला लाडोबा तो.

मग काही संशोधक त्याच्या मूळ घराकडे, कुजक्या फळांकडे वळले. २००८ मध्ये पॅरिसजवळच्या किड्यांच्या आतड्यात नेमाटोसिडा पॅरिसी हा परजीवी सापडला. २०११ मध्ये जवळच्याच ऑर्से गावच्या सडक्या सफरचंदातल्या किड्यात विषाणू सापडला. आता रोगी आणि त्याचा घरचा रोग, दोन्ही हाती आले.

त्यात याची नवी पिढी साडेतीन दिवसांत तयार. शिवाय हे किडे गोठवून ठेवता येतात आणि पुन्हा जिवंत करता येतात. म्हणजे पणजोबा आणि पणतू समोरासमोर! इतिहासाच्या मास्तराला हेवाच वाटावा.

२०११ मध्येच अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लेव्ही मोरान आणि कर्टिस लाइव्हली यांच्या गटाने एक प्रयोग केला. हा किडा एरवी बहुधा एकट्यानेच प्रजा वाढवतो, क्वचित नराशी मीलन होते. त्यांनी फक्त एकट्याने वाढणारे आणि फक्त मीलनाने वाढणारे असे वेगळे कळप केले आणि त्यांना सेरेशिया या मारक जिवाणूसमोर ठेवले. दर पिढीला मेलेल्या किड्यांतूनच पुढचे जिवाणू घेतले. जिवाणू सौम्य झाले नाहीत, उलट एकट्याने वाढणाऱ्यांसाठी अधिक घातक झाले. ते कळप वीस पिढ्यांच्या आत नामशेष झाले. मीलनाने वाढणारे मात्र टिकले, कारण त्यांची पोरे दर पिढीत थोडी वेगळी निघत होती.

माझी चूक इथे होती. रोगाच्या स्वभावाला काळ वळण लावत नाही. कोणता जंतू पुढच्या शरीरापर्यंत पोहोचतो, यावर ते ठरते. रोगी मरण्याआधीच जंतू दुसऱ्याकडे गेला असेल, तर रोगी वाचवण्याची त्याला काय गरज?

त्या वर्गातली मुले आता पन्नाशी ओलांडून गेली असतील. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर बाळांनो, ते वाक्य वहीतून खोडा. मास्तर चुकले होते.